वाचकांचे प्रश्न : ट्रॅकवरून शिकवणीच्या गाडीत

प्रश्न : कोइम्बतूर आणि चेन्नईच्या ट्रॅकवर मी काही मोसम फॉर्म्युला एलजीबी ही एका सीटची रेसिंग कार चालवली. आता ठाण्यातच ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायचा विचार आहे. रेसिंगचं लायसन्स धरतात का? ट्रॅकवरचं इथे काय उपयोगी पडेल?
– एक वाचक, वर्तकनगर

उत्तर : धरत नाहीत. एफएमएससीआयचं, म्हणजे देशातल्या मोटारस्पोर्टच्या महासंघाचं, लायसन्स स्पर्धेपुरतं. स्कूलमध्ये शिकवणाऱ्याची पात्रता केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम २४ मध्ये दिली आहे : दहावी पास, गाडी चालवण्याचा किमान ५ वर्षांचा अनुभव, आणि सोबत मोटार मेकॅनिकचं मान्यताप्राप्त प्रमाणपत्र किंवा मेकॅनिकल इंजिनीअरिंगची त्याहून वरची पात्रता. गाडं अडतं ते बहुधा या प्रमाणपत्रापाशी, म्हणून आधी ते बघा.

उपयोगी पडेल ती बसण्याची शिस्त आणि नजर. पाठ सीटला टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे आणि क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. नवशिका बॉनेटकडे बघत चालवतो, म्हणून गाडी सापासारखी जाते. नजर लांब टाकायला लावली की निम्मी वळवळ आपोआप थांबते. हे रेसरइतकं चांगलं कुणी समजावू शकत नाही.

रेसर चुकतो तो बोलण्याच्या वेळेत. स्वतःचे हातपाय झटपट चालतात, त्यामुळे सूचनाही आयत्या वेळी निघते. ताशी ४० किमीला गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. वाक्य बोलायला दोन सेकंद आणि शिकणाऱ्याला ते उमगायला एक धरलं, तर ३३ मीटर गेले. आरसा, इंडिकेटर, ब्रेक, गिअर हे सगळं अजून व्हायचंच आहे. घोडबंदर रोडवरून सर्व्हिस रोडला उतरायचं असेल तर १०० मीटर आधी सांगा.

ड्युअल ब्रेकवर, म्हणजे शिक्षकाच्या पायाशी असलेल्या दुसऱ्या ब्रेकवर, पाय नुसता ठेवून बसू नका. पॅड झिजतात आणि मागचे दिवे जळत राहिल्याने मागच्याला तुमचा खरा ब्रेक कळत नाही. पाय पेडलच्या वर, अधांतरी हवा. स्वतःसाठी वेगळा आरसा लावून घ्या. मागे टँकर चिकटलेला असताना ट्रॅकवरच्यासारखा ब्रेक मारणं म्हणजे मागून धडक मागून घेणं. आणि ब्रेक तुम्ही दाबलात तर तसं सांगा, नाहीतर पोरगं समजतं की आपणच वेळेत थांबलो.

प्रश्न : स्कूलच्या गाडीत सगळं जमत होतं. घरची गाडी मात्र सिग्नलला बंद पडते.
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : बहुधा क्लच शिक्षकच सांभाळत होते. शिवाय प्रत्येक गाडीचा क्लच वेगळ्या उंचीवर धरतो. रिकाम्या, सपाट रस्त्यावर ॲक्सिलरेटरला पाय न लावता पहिल्या गिअरमध्ये क्लच इतका हळू सोडा की गाडी नुसत्या आयडलिंगवर सरकेल. सरकू लागली की क्लच तिथेच क्षणभर धरा. झटकन सोडला तर इंजिन बंद पडणारच. हे अंगवळणी पडल्यावर चढ घ्या. सीबीडी बेलापूरचा पारसिक हिलचा रस्ता सकाळी लवकर बरा. हँडब्रेक ओढून क्लच वर आणा. इंजिनचा आवाज जड झाला आणि बॉनेट जरा उचललं की थोडा ॲक्सिलरेटर देऊन हँडब्रेक सोडा. चढावर गाडी हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धवट सोडून, तोलून धरू नका, क्लच प्लेट जळते.

स्कूलमध्ये अजून जात असाल तर तासही मोजा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम ३१ प्रमाणे कारसाठी किमान २१ दिवस आणि प्रत्यक्ष चालवण्याचे किमान १० तास मिळायला हवेत. दुसरा विद्यार्थी चालवत असताना मागच्या सीटवर बसलेला वेळ त्यात येत नाही.

प्रश्न : आमचे शिक्षक पूर्वीचे रेसर आहेत. त्यांच्याकडून हील-अँड-टो (उजव्या पायाने ब्रेक दाबलेला ठेवून त्याच पायाने ॲक्सिलरेटरही देणं) शिकावं का?
– एक वाचक, खारघर

उत्तर : रस्त्यावर गरज नाही. ब्रेक चालू असतानाच गिअर उतरवताना मागच्या चाकांना झटका बसू नये म्हणून ट्रॅकवर ते करतात. तुम्ही आधी वेग कमी करा, मग गिअर उतरवा. शिकायचंच तर एबीएसच्या (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) गाडीत आणीबाणीचा ब्रेक शिका : पूर्ण जोर लावून दाबायचा, पेडल थरथरलं तरी सोडायचा नाही, पंप करायचा नाही, आणि स्टिअरिंग मोकळ्या जागेकडे वळवायचं.