पंप थांबवला, तरी साखर का उतरते?

प्रश्न : माझ्या 16 वर्षांच्या मुलाला टाईप वन मधुमेह आहे आणि गेले वर्षभर तो इन्सुलिन पंप वापरतो. अंगावर साखर मोजणारा सेन्सरही असतो, परंतु तो पंपाला जोडलेला नाही. साखर 65 च्या आसपास आली की तो लगेच पंप थांबवतो आणि साखर वर येण्याची वाट पाहतो. अर्ध्या तासाने पाहावे तर आकडा 50 असतो. मग मी घाबरून हाताला लागेल ते त्याला खाऊ घालते आणि दोन-तीन तासांनी साखर 280 वर जाते. पंप तर बटण दाबताच थांबतो. मग साखर का थांबत नाही?

उत्तर : कारण पंप थांबला, तरी त्वचेखाली आधीच पोहोचलेले इन्सुलिन थांबत नाही. पंपात केवळ जलद परिणाम करणारे इन्सुलिन भरतात आणि या ‘जलद’ शब्दाने पुष्कळांची फसगत होते. ते शरीरात गेल्यावर सुमारे 15 मिनिटांनी काम सुरू करते, एक ते दीड तासाने त्याचा जोर सर्वाधिक असतो आणि त्यानंतरही, एकूण चार-पाच तास होईपर्यंत, ते थोडेथोडे काम करीत राहते. आत्ता बटण दाबून आपण जे इन्सुलिन अडवले, त्याची उणीव शरीराला तासाभराने जाणवणार. आत्ता साखर उतरवीत आहे ते तासा-दीड तासापूर्वी गेलेले इन्सुलिन.

हिशेब मांडून पाहू. समजा, मुलाचा बेसल दर, म्हणजे पंप दिवसरात्र थोडेथोडे सोडत राहतो त्या इन्सुलिनचा वेग, तासाला 0.8 युनिट आहे आणि 1 युनिटने त्याची साखर साधारण 50 ने उतरते. अर्धा तास पंप थांबवल्याने 0.4 युनिट वाचले. म्हणजे फार तर 20 चा फरक आणि तोही पुढच्या काही तासांत विखुरलेला. त्याच वेळी मागच्या जेवणाच्या बोलसमधले, म्हणजे जेवणासाठी एकदम दिलेल्या मात्रेतले, 2 युनिट अजून शिल्लक असतील आणि जेवण मात्र पचून गेले असेल, तर ते 2 युनिट साखर 100 ने खाली ओढू शकतात. पंपाच्या पडद्यावर ‘ॲक्टिव्ह इन्सुलिन’ म्हणून जो आकडा दिसतो, तो हाच. साखर 65 असताना पहिली नजर बटणाकडे न जाता या आकड्याकडे गेली पाहिजे.

म्हणून साखर 70 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेली की उपचार ग्लुकोजचाच, आणि तोही लगेच. आपल्या मुलाच्या वयाला 15 ग्रॅम हे प्रमाण सर्वसाधारणपणे योग्य ठरते : 4 ग्रॅमच्या ग्लुकोजच्या चार गोळ्या, पाण्यात विरघळवलेली तीन चमचे साखर किंवा सुमारे 120 मिलिलिटर फळांचा रस. चॉकलेट आणि बिस्किटे या कामाची नाहीत, कारण त्यांतील स्निग्धांशामुळे साखर रक्तात उतरायला वेळ लागतो. त्यानंतर 15 मिनिटे थांबून, बोटाच्या रक्ताची तपासणी करून, साखर अजून 70 च्या खाली असेल तरच पुन्हा तेवढेच द्यावे.

बोटाचे रक्त, असे मी मुद्दाम म्हणतो. सेन्सर रक्तातील नव्हे, तर पेशींभोवतीच्या द्रवातील साखर मोजतो आणि तो रक्ताच्या 5 ते 15 मिनिटे मागे असतो. साखर वर चढू लागलेली असते, तरी सेन्सर आणखी काही मिनिटे खालचाच आकडा दाखवून गजर करीत राहतो. ‘हाताला लागेल ते’ खाऊ घालण्याचा प्रसंग बहुधा याच मिनिटांत येतो. त्या अवस्थेत भूकही अनावर असते, त्यामुळे दोष केवळ आईच्या घाबरण्याला देऊन चालणार नाही.

आता 280 चे कोडे. वरच्याच हिशेबाच्या मुलात 15 ग्रॅम कर्बोदके साखर साधारण 50 ने वाढवतील. 50 पासून 280 म्हणजे 230 ची वाढ. केवळ खाण्यातून ती व्हायची, तर 65 ते 70 ग्रॅम पोटात गेले पाहिजेत. इतके गेले असेलही, पण आपण एक गोष्ट लिहिलेली नाही : थांबवलेला पंप पुन्हा सुरू कधी केला? तो दीड-दोन तास बंद राहिला असेल, तर त्या चढाचा काही वाटा अडवलेल्या इन्सुलिनचाही आहे. ज्या बटणाने उतरती साखर रोखली नाही, त्याचा परिणाम साखर चढत असताना दिसला. शिवाय पंप वापरणाऱ्याच्या शरीरात दीर्घकाळ काम करणाऱ्या इन्सुलिनचा साठा मुळीच नसतो, त्यामुळे पंप दोन तासांपेक्षा जास्त बंद राहिल्यास कीटोन, म्हणजे इन्सुलिनअभावी चरबी जळताना तयार होणारी घातक आम्ले, वाढू लागण्याचा धोका असतो.

बटण निरुपयोगी आहे, असे मात्र नव्हे. साखर उतरलेली असताना उलट्या होत असल्याने तोंडाने काही घेता येत नसेल, नकळत मोठा बोलस गेला असेल किंवा मूल बेशुद्ध पडले असेल, तर पंप थांबवलाच पाहिजे. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात काहीही घालू नये. तिला कुशीवर वळवून ग्लुकागॉन (साखर झपाट्याने वाढवणारे औषध) द्यावे आणि तातडीची वैद्यकीय मदत बोलवावी. आपल्या मुलाच्या वयाला इंजेक्शनची मात्रा 1 मिलिग्रॅम आणि नाकात मारायच्या प्रकाराची 3 मिलिग्रॅम असते.

राहता राहिला प्रश्न हे वारंवार का घडते, याचा. साखर जेवणानंतर दोन-तीन तासांनी उतरत असेल, तर किती कर्बोदकांना किती इन्सुलिन, हे प्रमाण तपासावे लागेल. उपाशीपोटी किंवा पहाटे उतरत असेल, तर बेसल दर. आणि चढलेली साखर खाली आणण्यासाठी एकामागून एक बोलस दिल्यावर उतरत असेल, तर बोलसवर बोलस चढवण्याची सवय. दोन आठवड्यांच्या नोंदी पंपातून काढून आपल्या डॉक्टरांपुढे ठेवा. 280 दिसताच घाईने मोठा बोलस देणे ही पुढच्या उतरणीची तयारी असते, हे मुलाला मात्र आजच सांगा.

प्रश्न : माझा पंप सेन्सरच्या आकड्यांवरून इन्सुलिन आपोआप कमी-जास्त करतो. साखर 70 च्या खाली आली की मी 15 ग्रॅमचा नियम काटेकोर पाळते, तरीही नंतर साखर 200 च्या पुढे जाते. नियम चुकीचा आहे का?

उत्तर : नियम चुकीचा नाही, तो आपल्या पंपाच्या आधीच्या काळातला आहे. आपली साखर 70 वर येते, तेव्हा यंत्राने ती उतरण पूर्वीच ओळखून अर्धा-पाऊण तास आधी इन्सुलिन कमी केलेले किंवा पूर्ण थांबवलेले असते. म्हणजे निम्मा उपचार झालेलाच असतो. अशा वेळी बहुतेकांना 5 ते 10 ग्रॅम पुरतात. आलेखावर इन्सुलिन किती वेळ थांबलेले आहे, ते पाहून ठरवा. मात्र नुकताच जेवणाचा बोलस दिलेला असेल किंवा व्यायाम चालू असेल, तर पूर्ण 15 ग्रॅम घ्यावेत.

आणखी एक चूक आपल्याकडून होते का, ते तपासा. साखर सावरण्यासाठी घेतलेल्या ग्लुकोजची नोंद जेवण म्हणून पंपात करू नये. केली तर पंप त्यावर इन्सुलिन सुचवतो आणि ते स्वीकारले, तर साखर पुन्हा उतरते.

प्रश्न : मला 27 वर्षांपासून टाईप वन मधुमेह आहे. पूर्वी साखर उतरली की हात थरथरत, घाम येई. आता आकडा 48 असतानाही काही जाणवत नाही. रात्री सेन्सर खोटे गजर करतो, म्हणून तो मी बंद ठेवतो. हे चालेल का?

उत्तर : चालणार नाही. गजर आज रात्रीपासून सुरू ठेवा. थरथर, घाम आणि धडधड ही ॲड्रिनलीनची लक्षणे असतात. साखर वरचेवर उतरू लागली की शरीर ते ॲड्रिनलीन उशिरा आणि कमी सोडते. मग पहिली खूण घामाची न राहता थेट बोलण्यात-वागण्यात गोंधळ, ही होऊन बसते. 54 च्या खालची साखर मेंदूच्या कामात अडथळा आणते, आणि आपण 48 ला स्वस्थ असता, हीच काळजीची बाब आहे.

दिलासा एवढा, की हरवलेली जाणीव पुष्कळदा काही प्रमाणात परत येते. त्यासाठी काही आठवडे साखर 70 च्या खाली जवळजवळ जाऊच द्यायची नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने लक्ष्य थोडे वर न्यावे आणि गजर 70 ऐवजी 80 वर लावावा. 24 तासांपैकी 70 च्या खालचा वेळ एका तासाच्या आत आणि 54 च्या खालचा 15 मिनिटांच्या आत ठेवावा, असे सर्वसाधारण लक्ष्य असते; आपल्यासाठी ते त्याहून कडक हवे. वाहन चालवण्यापूर्वी दर वेळी साखर तपासा आणि ग्लुकागॉन कुठे ठेवले आहे व ते कसे द्यायचे, हे घरच्यांना दाखवून ठेवा.

खोट्या गजराचे कारण बहुधा आपली झोपण्याची कूस असावी. सेन्सरवर अंगाचा भार पडला की तेथील द्रवाचा प्रवाह मंदावतो आणि आकडा एकाएकी कोसळतो. कूस बदलली की तितक्याच झपाट्याने वर येतो. सेन्सरची जागा बदलून पाहा. पण गजर खरा की खोटा, हे बोटाच्या रक्ताने ठरवा, झोपेने नव्हे.

प्रश्न : पंपाचा सेट (नळी आणि त्वचेखाली बसणारी सुई) बदलताना मी पंप अंगापासून न काढताच नळी भरायला लावली. किती इन्सुलिन गेले, ते कळत नाही. असे पुन्हा घडल्यास काय करावे?

उत्तर : नळी भरताना तिच्या लांबीनुसार 10 ते 20 युनिट लागू शकतात, त्यामुळे ही क्षुल्लक चूक नाही. पंप तत्काळ अंगापासून वेगळा करा आणि नळी भरल्याचा आकडा त्याच्या नोंदींत पाहा. तेवढे सगळे शरीरात गेले, असेच धरून चाला. साखर उतरण्याची वाट न पाहता ग्लुकोज घ्या, एकटे राहू नका आणि सरळ रुग्णालय गाठा. तेथे पोहोचेपर्यंत दर 15 मिनिटांनी साखर मोजा. पहिल्या तासात आकडे चांगले दिसले तरी परत फिरू नका, कारण इन्सुलिनचा मुख्य जोर त्यानंतरच असतो. देखरेख किमान पाच तास हवी.