डस्ट कलेक्टरचे मोठे जोड

प्रश्न : घरच्या सुतारकामासाठी घेतलेल्या डस्ट कलेक्टरचं (भुसा ओढून घेणाऱ्या यंत्राचं) तोंड १५० मिमी आहे. दुकानात ११० मिमीचेच जोड मिळतात. काय करू? — एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : ११० वर अजिबात उतरू नका, हवेची वाट निम्म्याहून कमी होते. ड्रेनेज पाइपच्या ठोक दुकानात १६० मिमीचे एसडब्ल्यूआर (सांडपाण्याच्या आणि पावसाच्या पाण्याच्या पाइपचे) जोड मागा. फाट्याला टी (काटकोनी जोड) नको, ४५ अंशांचा वाय (तिरका जोड) घ्या. काटकोनी वळणाला ४५चे दोन बेंड. १६० हे बाहेरचं माप. आतून पाइप साधारण १५२ भरतो, म्हणून तोंडावर थोडा सैल बसतो. तोंडाला फोम टेप गुंडाळा. सांधे सोल्व्हंटने (पाइपच्या गोंदाने) चिकटवू नका, तुंबल्यावर उघडायचे असतात. प्रत्येक सांध्याला तीन आखूड स्क्रू पुरतात. स्क्रूचं टोक पाइपच्या आत डोकावलं, तर रंध्याचा लांब भुसा नेमका तिथेच अडकतो.