वाचकांचे प्रश्न : वनशास्त्रातले पदव्युत्तर संशोधन

प्रश्न : वनस्पतिशास्त्रात पदवी झाली आहे. वनशास्त्रात प्रबंधासह एम.एस्सी. करायची आहे. बारा प्राध्यापकांना ईमेल केले, एकाचेही उत्तर आले नाही. काय चुकत असेल?

उत्तर : 'जंगलांची आवड आहे, एखादा विषय असल्यास कळवावे' अशा धर्तीचे ईमेल असतील तर उत्तर न येणे साहजिक आहे; त्यात विषय शोधण्याचे काम तुम्ही समोरच्यावर टाकलेले असते. त्यांचा अलीकडचा एक लेख नीट वाचा आणि त्यातला कोणता धागा पुढे न्यायचा ते दोन वाक्यांत लिहा. मग काय मोजणार, कोणत्या ऋतूत, किती वेळा, हे लिहा. झाडे ओळखता येतात का, आकडेमोडीसाठी 'आर' ही संगणक-भाषा वापरता येते का, तेही सांगा. सगळे दोनशे शब्दांत बसवा, सोबत गुणपत्रक जोडा. प्रवेशाच्या मुदतीआधी सहा महिने सुरुवात करा आणि दोन आठवड्यांनी एकदाच आठवण द्या.

होकार आला की शिष्यवृत्ती विद्यापीठाची आहे की प्रकल्पाची, हे आधी विचारा. प्रकल्पाची असेल तर विषय बराचसा ठरलेला असतो, आणि प्रकल्पाची मुदत तुमच्या प्रबंधाआधी संपत नाही ना, तेही पाहावे लागते.

प्रश्न : विरळणी केलेल्या (काही झाडे तोडून दाटी कमी केलेल्या) एका जंगलात दहा आणि न केलेल्या एका जंगलात दहा प्लॉट आखणार आहे. मार्गदर्शक म्हणतात, नमुनासंख्या एकच. असे कसे?

उत्तर : मार्गदर्शकांचे बरोबर आहे. विरळणी प्लॉटवर झालेली नाही, सबंध जंगलावर झाली आहे; म्हणून एका जंगलातले दहा प्लॉट हे दहा स्वतंत्र नमुने नाहीत, एकच नमुना आहे. दोन जंगलांत फरक दिसला तरी तो मातीचा, उताराचा की झाडांच्या वयाचा, हे सांगता येणार नाही. एकाच जागेतले प्लॉट स्वतंत्र नमुने धरण्याच्या या चुकीवर परिसंस्थाशास्त्रज्ञ हर्लबर्ट यांनी 1984 साली नेमके बोट ठेवले. तरीही ती आजही सर्रास होते. वीसच प्लॉट आखायचे असतील तर दोन्ही प्रकारची पाच-पाच जंगले निवडा आणि प्रत्येकात दोन प्लॉट घ्या. प्रवास वाढेल, मोजणी तेवढीच राहील. विश्लेषणात मात्र एका जंगलातले दोन्ही प्लॉट एकाच गटाचे धरा.

आखणीतही लक्ष असू द्या. 500 चौरस मीटरच्या गोल प्लॉटची त्रिज्या 12.62 मीटर असते, पण ती आडव्या पातळीवरची. 20 अंशांच्या उतारावर वर-खाली मोजताना टेप 13.43 मीटरपर्यंत न्यावा लागतो. उताराला आडवे मोजताना 12.62 मीटरच. ही दुरुस्ती विसरलात तर क्षेत्र सुमारे 6 टक्के लहान पडते आणि हेक्टरी झाडेही तेवढीच कमी भरतात. खोड बहुतेक देशांत 1.3 मीटर उंचीवर मोजतात, काही ठिकाणी 1.37, तुम्ही कोणती उंची धरली ते प्रबंधात लिहा. उतारावर ही उंची चढाच्या बाजूने घ्या. वहीत आकड्यासमोर 'घेर' की 'व्यास' हा शब्द हवाच. 94 सेंमी घेराचे खोड 30 सेंमी व्यासाचे असते. घेरालाच व्यास समजलात तर खोडाचे छेदक्षेत्र जवळजवळ दहापट भरते.

प्रश्न : रानात जायला निधी नाही. तयार माहितीवर प्रबंध होतो का?

उत्तर : होतो, आणि चांगला होतो. लँडसॅट उपग्रहांच्या चित्रांचा संग्रह 2008 पासून मोफत आहे; सेंटिनेल-2 उपग्रहांची काही प्रकाशपट्ट्यांतली (रंगांतली) चित्रे 10 मीटर तपशिलाची असतात. पनामातल्या बारो कोलोराडो बेटावर 50 हेक्टरांत 1 सेंमी आणि त्याहून जाड प्रत्येक खोडाची 1980 च्या दशकापासून पुन्हा पुन्हा मोजणी झाली आहे. अंतराळ स्थानकावरचे गेडी हे लेझर उपकरण झाडांची उंची देते, मात्र साधारण 51.6 अंश उत्तर ते 51.6 अंश दक्षिण अक्षांश याच पट्ट्यात. त्याच्या लेझरचा जमिनीवर पडणारा एक ठिपका सुमारे 25 मीटर रुंद असतो आणि जागेवरून काही मीटर सरकलेला असू शकतो, त्यामुळे एका लहान प्लॉटशी एक ठिपका जुळवू नका.