जहाजावरचं क्रेडिट कुणी कबूल केलं होतं?

प्रश्न : मी डिचोलीची निवृत्त शिक्षिका. लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून यजमानांसह गेल्या सप्टेंबरात भूमध्य समुद्रातली दहा रात्रींची आलिशान क्रूझ केली. पणजीतल्या एका ट्रॅव्हल एजंटाकडे दोघांचे मिळून ११ लाख ४० हजार रुपये भरले. दुसरा एजंट चाळीस हजारांनी स्वस्त देत होता. पण ह्यानं व्हॉट्सॲपवर लिहिलं, 'कंपनीचे २०० आणि आमच्याकडून ६००, एकूण ८०० डॉलर ऑनबोर्ड क्रेडिट' (म्हणजे जहाजावर खर्चायला आपल्या खात्यावर आधीच जमा केलेली रक्कम), म्हणून ह्याच्याकडे गेलो. जहाजावर खात्यात फक्त २०० डॉलर दिसले. रिसेप्शनवरचा मुलगा साळगावचा निघाला. तो कोकणीत म्हणाला, 'एजंटान कांयच घालूंक ना' (एजंटानं काहीच घातलेलं नाही). आमचा जहाजावरचा खर्च ६५० डॉलर झाला, त्यातले ४५० आमच्या कार्डावर पडले. एजंट म्हणतो, क्रेडिट हा जहाज कंपनीचा विषय. इनव्हॉइसवर 'सर्व वाद मुंबईच्या न्यायालयात' असं छापलंय. जहाजावरच आम्ही पुढच्या सफरीची अनामत भरून आलो आणि त्या बुकिंगवरही ह्याच एजंटाचं नाव लागलंय. काय करावं?

उत्तर : बाई, तुमच्या हातात चांगली केस आहे, आणि ती त्या व्हॉट्सॲप मेसेजमधल्या दोन शब्दांवर उभी आहे : 'आमच्याकडून ६००'. हे दोन शब्द नसते तर माझं उत्तर बरंच वेगळं झालं असतं.

ऑनबोर्ड क्रेडिट वेगवेगळ्या खिशांतून येतं. काही जहाज कंपनी स्वतः सवलत म्हणून देते. काही एजंट देतो. कंपनीकडून मिळणाऱ्या कमिशनमधले पैसे तो तुमच्या केबिनच्या खात्यावर चढवतो. काही जहाज कंपन्या एजंटांना जाहीर केलेलं भाडं कमी करू देत नाहीत, म्हणून गिऱ्हाईक ओढायला एजंट हा रस्ता धरतात. प्रवाशाला मात्र खात्यावर एकच आकडा दिसतो. तो कुणाच्या खिशातून आला हे कळत नाही, आणि वाद झाला की दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात.

एजंटाचा बचाव काय असेल ते आधीच सांगतो. भारतीय करार कायद्याच्या कलम २३० प्रमाणे, मालक (इथे जहाज कंपनी) कोण हे उघड असताना एजंटानं मालकाच्या वतीनं केलेला करार एजंटावर व्यक्तिशः बंधनकारक नसतो. जहाज वेळेवर सुटलं नाही, केबिन गळत होती, जेवण वाईट होतं, अशी तक्रार असती तर हे कलम त्याच्या मदतीला आलं असतं. पण ६०० डॉलर त्यानं कंपनीच्या वतीनं कबूल केलेलेच नाहीत. तो त्याचा स्वतःचा शब्द होता, आणि त्या शब्दावर विसंबून तुम्ही चाळीस हजारांनी स्वस्त असलेला दुसरा एजंट सोडलात. त्या दुसऱ्याचं कोटेशन ईमेलमध्ये किंवा फोनमध्ये असेल तर जपून ठेवा. शब्दावर विसंबून तुम्ही निर्णय घेतलात, हे त्यानंच सिद्ध होतं.

आणखी एक गोष्ट त्याच्या इनव्हॉइसमध्ये शोधा. परदेशी टूर पॅकेजवर टीसीएस, म्हणजे विकताना गिऱ्हाईकाकडून घेतला जाणारा आगाऊ आयकर, गोळा करायची जबाबदारी आयकर कायदा 'पॅकेज विकणाऱ्यावर' टाकतो. त्यानं तुमच्याकडून टीसीएस घेतला असेल आणि जीएसटी पूर्ण रकमेवर लावला असेल, तर सरकारदरबारी त्यानं स्वतःला विक्रेता म्हणवून घेतलं आहे. मग तुमच्यासमोर तो 'मी नुसता मध्यस्थ' कसं म्हणेल? अशा प्रकरणांत हा कागद बरेच लोक काढायलाच विसरतात. आणि टीसीएस कापला असेल तर तो बुडालेला नाही. फॉर्म २६एएस मध्ये (तुमच्या नावावर जमा झालेल्या आयकराच्या उताऱ्यात) दिसतो का बघा आणि विवरणपत्र भरताना वजा करून घ्या.

आता तुमची कच्ची बाजू. जहाज कंपनीचं अंतिम कन्फर्मेशन निघण्यापूर्वी तुम्हाला आलं असणार आणि त्यावर २०० च लिहिलेले असणार. 'तेव्हा का बोलला नाहीत?' असं समोरचा वकील विचारील. एजंटाचं क्रेडिट कधीकधी निघायच्या थोडे दिवस आधी चढवतात आणि तुम्हाला ते नंतर येईल असं वाटलं होतं, हे खरं असेल तर तसंच सांगा. त्या काळात एजंटाला 'क्रेडिट कधी दिसेल?' असं एका ओळीनं जरी विचारलं असेल तरी ती ओळ सोन्याची.

रकमेबद्दलही मोकळेपणानं बोलतो. ४५० डॉलर तुमच्या कार्डावर पडले, ते नुकसान पक्कं आहे. कार्डाचं स्टेटमेंट आणि जहाजावरच्या खात्याची प्रत हे पुरावे. राहिलेल्या १५० डॉलरचं गणित क्रेडिट कोणत्या प्रकारचं होतं त्यावर आहे. परत मिळण्यासारखं क्रेडिट उरलं तर सफर संपल्यावर हाती येतं. परत न मिळणारं उरलं तर बुडतं. एजंट म्हणेल की ते १५० तुम्ही खर्चच केले नसते. क्रेडिट नाही म्हणून एखादी सहल किंवा खास रेस्टॉरंटमधलं जेवण तुम्ही रद्द केलं असेल तर तारखेसह लिहून ठेवा. आलिशान जहाजांवर पेयं आणि टिप बहुधा भाड्यातच असतात, त्यामुळे क्रेडिट खर्च होतं ते बंदरावरच्या सहली, स्पा, महागडी वाइन, दुकान ह्यांवर. कॅसिनोत ते बहुधा चालत नाही. तुमचा खर्च ह्याच गोष्टींवर झाला असेल, म्हणजे क्रेडिट असतं तर त्यातूनच वळता झाला असता. मागणी पूर्ण ६०० ची करा, पण ४५० मिळाले तर हरलो असं समजू नका.

मुंबईच्या न्यायालयाच्या त्या छापील ओळीनं घाबरून जाऊ नका. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३४ प्रमाणे ग्राहक स्वतः राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. डिचोली उत्तर गोव्यात, म्हणून तुमचा जिल्हा ग्राहक आयोग पर्वरीला. मोजलेली किंमत पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगच ऐकतो, आणि दहा ते वीस लाखांच्या व्यवहाराला शुल्क अवघं ४०० रुपये आहे. ते वादाच्या रकमेवर नाही, मोजलेल्या किमतीवर ठरतं, हे लक्षात ठेवा. पुष्कळजण इथे चुकतात. मुदत दोन वर्षांची. ती जहाजावरचं खातं बंद झालं त्या दिवसापासून धरा म्हणजे चूक व्हायची नाही.

तक्रारीत 'करारातली अट अन्यायकारक म्हणून रद्द करा' अशी मागणी घालू नका. अन्यायकारक कराराचं प्रकरण कायद्यानं राज्य आयोगाकडे जातं आणि समोरच्याला हरकत घ्यायला आयतं निमित्त मिळतं. सेवेतली त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा एवढ्यावरच थांबा.

जहाज कंपनीला पक्षकार करावं का? माझं मत, नको. तिनं तिचे २०० दिले आहेत. शिवाय अशा कंपन्यांच्या तिकिटात वाद परदेशातल्या ठरावीक न्यायालयातच चालेल अशी अट असते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९९१ साली कार्निव्हल विरुद्ध शूट ह्या खटल्यात तिकिटावर छापलेली अशी अट ग्राह्य धरली होती. आपल्याकडचा आयोग त्या निकालानं बांधलेला नाही, पण तुमच्या पन्नास-साठ हजारांसाठी तो वाद अंगावर का घ्या? कंपनीकडून फक्त साक्ष घ्या. तिच्या भारतातल्या प्रतिनिधीला बुकिंग क्रमांक घालून ईमेल करा : ह्या बुकिंगवर एजंटानं काही क्रेडिट चढवायला सांगितलं होतं का, असल्यास किती आणि कधी? 'नाही' असं एका शब्दाचं उत्तर आलं तरी साळगावच्या त्या मुलाचं म्हणणं कागदावर आलं.

मग एजंटाला नोटीस. वकिलाची हवीच असं नाही. तुमच्या हस्ताक्षरातली, स्पीड पोस्टनं आणि ईमेलनं पाठवलेली, पंधरा दिवसांची मुदत देणारी पुरे. मेसेजचा मजकूर त्यात जसाच्या तसा उतरवा. व्हॉट्सॲपचा तो संवाद फोनमधून पुसू नका आणि फोन बदलू नका. पुढे भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागलं तर मूळ फोन लागतो. दरम्यान १९१५ ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद करा. पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात. गोव्यातल्या ट्रॅव्हल एजंटांना १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते. त्याचा नोंदणी क्रमांक मागा. नोंदणी असेल तर खात्याकडे लेखी तक्रार जाऊ द्या. नसेल तर तेही तक्रारीत लिहा. मनस्तापाची भरपाई जरूर मागा, पण बेताची. पाच-पाच लाख मागणारा अर्ज वाचणाऱ्याचा विश्वास पहिल्या पानावरच घालवतो.

आता पुढच्या सफरीचं. इथे घाई आहे. जहाजावर केलेलं बुकिंग आपोआप त्या सफरीच्या एजंटाकडे जातं, तसंच तुमचं झालं आहे. तुम्ही त्याला काही लिहून दिलेलं नाही. पण एजंट बदलायला कंपन्या ठरावीक दिवसांची मुदत देतात, आणि उरलेली रक्कम भरून झाल्यावर बहुधा बदलू देत नाहीत. म्हणून ह्या आठवड्यात कंपनीला लिहा की बुकिंग अमुक एजंटाकडे वळवा किंवा थेट आमच्या नावावर ठेवा. अनामतीबरोबर कंपनीनं जे क्रेडिट कबूल केलं असेल ते वळवल्यानंतरही कायम राहील का, हे त्याच ईमेलमध्ये विचारा.

आपल्या गोव्यात घराघरांतून तारवटी (जहाजावर नोकरी करणारे) गेले, जहाजाचं पोट आपल्याला ठाऊक आहे. प्रवासी म्हणून वरच्या डेकवर जाणं मात्र अजून नवं, आणि पणजी-मडगावच्या पुष्कळ एजंटांनाही ते नवंच आहे. विमानतिकिटं विकायची आयाटाची (आंतरराष्ट्रीय विमान कंपन्यांच्या संघटनेची) मान्यता भिंतीवर लावलेली असली म्हणजे क्रूझचं कळतं असं नाही. नव्या एजंटाला विचारा : ह्या कंपनीच्या जहाजावर आजवर किती प्रवासी पाठवलेत? क्रेडिट तुमचं की कंपनीचं? केबिनमागे की माणशी? परत मिळणारं की न मिळणारं? दुसऱ्या सवलतीबरोबर चालतं का? सफर रद्द केली तर कंपनीच्या कपातीवर तुम्ही आणखी किती घ्याल? उत्तरं ईमेलवर घ्या आणि शक्यतो पैसे कार्डानं थेट जहाज कंपनीला भरा. ३०० डॉलर लेखी देणारा मला ८०० तोंडी देणाऱ्यापेक्षा कितीतरी बरा वाटतो, आणि रोमला तुमचं विमान चुकलं तर रात्री दोनला फोन उचलणारा त्याहून बरा.

नोटिशीचा मसुदा झाला की पाठवण्याआधी एकदा मला दाखवा. पण एजंट बदलण्याचं ईमेल त्याच्यासाठी थांबवू नका, ते आजच जाऊ द्या.