इंग्लंडातल्या रीडिंग विद्यापीठाची ऑफर आहे आणि ट्रान्सक्रिप्ट अडकलंय, त्यावर माझा अनुभव

भाऊ, तुमची पोस्ट वाचली (कोर्सची ऑफर हातात, ट्रान्सक्रिप्ट अडकलेलं, परत येऊन बँकांसाठी मालमत्तेचं व्हॅल्युएशन, म्हणजे किंमत ठरवायचं काम करायचंय), डिट्टो माझीच केस. बीकॉम, वडिलांचं बेसा-पिपळ्याकडे प्लॉटिंग, रीडिंगच्या हेनली बिझनेस स्कूलची एमएससी रिअल इस्टेटची ऑफर, आणि इकडे नागपुरात ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या वर्षांच्या गुणांचा अधिकृत दाखला) हलून नाही राहिलं. फी, व्हिसा, आयईएलटीएस तुम्हाला माहीतच असेल, त्यावर लिहीत नाही.

माझं सगळ्यात जास्त नुकसान केलं ते त्या ट्रान्सक्रिप्टवाल्या ऑफिसनं (नाव घेत नाही). खिडकीवरच्यानं अर्ज घेतला, चलान टाचणीनं लावलं, गठ्ठ्यात सरकवलं आणि म्हणे पंधरा दिवसांनी या. पावती नाही, आवक नंबर नाही. गेलो तर अर्जच सापडेना, सापडला तर म्हणे मार्कशीटवर आडनाव आधी आहे अन् पासपोर्टवर शेवटी, ॲफिडेव्हिट आणा, ते आणलं तर साहेब सुट्टीवर. अरे पहिल्या दिवशी सांगायला काय होत होतं? माझं सप्टेंबरचं इनटेक गेलं, अख्खं वर्ष गेलं, अजूनही डोकं फिरतं. म्हणून सांगतो, अर्जाच्या झेरॉक्सवर आवकचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. तरी अडलं तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, फक्त एवढंच विचारा की माझा अर्ज आज कोणाच्या टेबलावर आहे. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं त्यांना. माझी फाइल त्यानंतरच हलली.

आता कोर्सचं. माझं मत आहे, एजंट वेगळं सांगतील. तो कोर्स आरआयसीएस (ब्रिटनमधली सर्व्हेयर लोकांची व्यावसायिक संस्था) मान्यताप्राप्त आहे हे खरं, पण नुसत्या डिग्रीनं कोणी चार्टर्ड सर्व्हेयर, म्हणजे त्या संस्थेचा पात्र सदस्य, होत नाही, नंतर नोकरीत राहून एपीसी नावाचं मूल्यमापन पार करावं लागतं. आणि तुम्ही लिहिलंय की परत येऊन बँकांचं व्हॅल्युएशन करणार, तिथे थांबा. आपल्याकडे कंपनी कायद्याखालचा रजिस्टर्ड व्हॅल्युअर, लँड अँड बिल्डिंगसाठी, व्हायला 2017 च्या नियमांप्रमाणे साधारणपणे सिव्हिल, आर्किटेक्चर किंवा टाउन प्लॅनिंगचं शिक्षण लागतं. नुसत्या बीकॉमवर ते दार बंद आहे, आणि तिकडच्या एमएससीनं ते उघडेल असं धरून चालू नका. नियम बदलत असतात, आयबीबीआयच्या (व्हॅल्युअरची नोंदणी करणारी सरकारी संस्था) साइटवर स्वतः वाचा, पण फी भरायच्या आधी वाचा. फंड, कन्सल्टन्सी, डेव्हलपरकडे फायनान्स, याच्यासाठी मात्र मला हा कोर्स खरंच चांगला वाटतो.

एक साइड टिप. तिकडे डीसीएफ (पुढच्या उत्पन्नावरून आजची किंमत काढायची पद्धत) शिकवतील, आरएल लेटर (प्लॉट नियमित झाल्याचं सुधार प्रन्यासचं पत्र) काय असतं ते कोणी शिकवणार नाही. जायच्या आधी बाबांचा एखादा लेआउट घ्या आणि त्याचा सातबारा, एनए ऑर्डर (जमीन अकृषिक झाल्याचा आदेश), नागपूर सुधार प्रन्यासचं किंवा एनएमआरडीएचं (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) पत्र, महारेरा नंबर, सगळं एका फाइलीत लावून बघा, कुठला कागद कशावर अवलंबून आहे ते समजेपर्यंत. गुंठेवारीतला (मंजुरीशिवाय तुकडे पाडून विकलेला) प्लॉट असेल तर 2001 चा गुंठेवारी कायदाही वाचा. आणि एक्सेल आत्तापासून घासा, तिकडे गेल्यावर वेळ नाही मिळत.