चेंबरचं पॅकिंग तीनदा बदललं, तरी फरशीवर डाग

प्रश्न : नमस्कार दादा, माझ्याकडे २००४ ची मारुती ८०० आहे, वडिलांनी घेतलेली, त्यामुळे विकायचा विषयच नाही. गेल्या दीड वर्षात ऑइल चेंबरचं पॅकिंग तीन वेळा बदलून झालं. दरवेळी महिनाभर बरं चालतं आणि मग परत पार्किंगच्या फरशीवर डाग, सोसायटीत रोजची बोलणी. शेवटच्या वेळी मेकॅनिकने पॅकिंगच्या दोन्ही बाजूंना भरपूर सिलिकॉन लावलं, बोल्ट जीव खाऊन आवळले, तरी तेच. आता तो म्हणतो जुनी गाडी आहे, थोडं गळणारच. मला हे काम दिवाळीच्या सुट्टीत स्वतः करायचंय. ब्रेक पॅड, प्लग वगैरे मी घरीच बदलतो. नीट सांगाल का?
— एक वाचक, कराड

उत्तर : सगळ्यात आधी, जुनी गाडी म्हणून गळणारच हे मला अजिबात मान्य नाही. ८०० चं इंजिन साधं आहे, ७९६ सीसी, तीन सिलिंडर, आणि चेंबर म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठवणारं, प्रेस केलेल्या पत्र्याचं भांडं. ते कोरडं राहू शकतं. आणि तुमच्या पत्रातच उत्तर आहे बघा, ‘भरपूर सिलिकॉन’ आणि ‘जीव खाऊन आवळले’. पण तिकडे जायच्या आधी एक गोष्ट नक्की करा, की गळतंय ते चेंबरमधूनच गळतंय का. ऑइल वरून खाली येतं आणि गाडी पळताना वाऱ्याने मागे जातं, त्यामुळे टॅपेट कव्हरचं (इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणाचं) पॅकिंग गेलं, डिस्ट्रिब्युटरची रिंग गेली किंवा ऑइल प्रेशर स्विच पाझरायला लागला तरी शेवटचा थेंब चेंबरच्या कडेवरूनच पडतो आणि बिचाऱ्या चेंबरवर आळ येतो.

यासाठी महागडं काही लागत नाही. इंजिन थंड असताना खालची बाजू डिझेल आणि ब्रशने धुवा, मग साबणाचं पाणी, मग पूर्ण वाळू द्या. वाळल्यावर सांध्याच्या सगळ्या बाजूंनी आणि थोडं वरपर्यंत साधी टाल्कम पावडर मारा, कोरड्या ब्रशने झटकत गेलात की बसते. दहा-पंधरा किलोमीटर फिरून या आणि बॅटरी घेऊन खाली बघा. पांढऱ्या पावडरीत ओली काळी रेघ दिसेल, ती जिथे सुरू होते तिथे गळती. रेघ वरून येत असेल तर चेंबर खोलायचंच नाही. चेंबर आणि गिअरबॉक्सच्या मधून, क्लच हाउसिंगच्या खालून थेंब येत असतील तर तो मागचा क्रँक सील (क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला ऑइल अडवणारा), ते वेगळं आणि मोठं काम आहे, त्याला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. ड्रेन नटच्या (ऑइल काढायच्या बोल्टच्या) खालूनच येत असेल तर कदाचित नुसता वायसर बदलून काम होईल.

दुसरं म्हणजे इंजिनाचा श्वास. पिस्टनच्या बाजूने थोडा गॅस खाली उतरतोच, तो बाहेर काढायला ब्रीदरची नळी आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह असतो. तो चोंदला की आतला दाब जिथे कमकुवत जागा मिळेल तिथून ऑइल ढकलतो, मग तुम्ही कितीही चांगलं पॅकिंग बसवा. व्हॉल्व्ह काढून कानाजवळ हलवा, आत खडखड वाजला पाहिजे. नळ्या फुंकून बघा. तुमचं पॅकिंग महिनाभर टिकतं आणि मग जातं म्हणताय म्हणून हे मी आग्रहाने सांगतोय.

आता चेंबरच दोषी निघालं असं धरून चालू. गाडी सपाट जागी, मागच्या चाकांना दोन्हीकडून ओंडके, पुढून जॅकने उचलून घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) ठेवा. नुसत्या जॅकवर ठेवून खाली जायचं नाही, विटांच्या थप्पीवर तर मुळीच नाही, वीट वजनाने एका क्षणात फुटते, इथे कुणाचं ऐकू नका. ऑइल कोमट असताना काढा, उकळतं नको. हातमोजे घाला, वापरलेलं ऑइल कातडीला वाईट असतं. एक्झॉस्टचा पुढचा पाइप आणि क्लच हाउसिंगच्या खालची पत्र्याची प्लेट आड येत असेल तर ती आधी काढा. सगळे बोल्ट निघाले तरी चेंबर चिकटून बसेल, तेव्हा स्क्रूड्रायव्हर घुसवून उचकटू नका, पत्र्याची कड वाकते आणि ब्लॉकला ओरखडा पडतो, आणि मग ती वाट ऑइलला कायमची मोकळी. पुट्टी लावायची पातळ पट्टी घ्या, सांध्यात सरकवत सरकवत फिरवा, बाजूने लाकडी ठोकळा धरून हळू ठोका, सुटतं.

चेंबर हातात आलं की पहिली नजर स्ट्रेनरकडे, म्हणजे पंप ज्यातून ऑइल ओढतो त्या जाळीकडे. मी एकदा एका चेंबरमधे स्ट्रेनरची जाळी लाल सिलिकॉनच्या शेवयांनी अर्धी बुजलेली बघितली आहे. ‘भरपूर’ लावलेलं सिलिकॉन जेवढं बाहेर फुगतं तेवढंच आतही फुगतं, ते सुटून ऑइलमधे पडतं, पंप तेच ओढतो, जाळी बंद, प्रेशर गेलं की बेअरिंग गेलं. फरशीवरच्या डागापायी इंजिन घालवायचं का? तुमच्या गाडीत तेच झालेलं असू शकतं, म्हणून स्ट्रेनर नीट धुवा, एकही तुकडा आत राहू देऊ नका.

आणि आता मुख्य गोष्ट. जुनं पॅकिंग खरवडून झालं की चेंबरच्या कडेवर स्टीलची पट्टी उभी धरा आणि मागून उजेड टाका. बोल्टच्या भोकांपाशी पत्रा वर उचललेला दिसेल आणि दोन भोकांच्या मधे पट्टीखालून उजेड येईल. हे सगळं जास्त आवळल्याने होतं. बोल्टचं डोकं खालून दाबतं, भोकापुरता पत्रा वर फुगतो, म्हणजे पॅकिंग फक्त भोकांपाशी चेपलं जातं आणि मधे सैल राहतं, ऑइल मधूनच बाहेर. मग गळतंय म्हणून अजून आवळायचं, मग अजून फुगायचं. तुमची तिन्ही पॅकिंगं बहुतेक यातच गेली. उपाय दहा मिनिटांचा आहे, कडेच्या खाली जाड लोखंडाचा किंवा सागाचा सपाट ठोकळा धरा, पॅकिंगची बाजू वर, आणि गोल डोक्याच्या हातोडीने फुगवटा हलक्या हाताने खाली बसवा, दोन-दोन ठोके आणि परत पट्टी लावून बघा. काही चेंबरच्या कडेला लांबलचक पन्हळ मुद्दाम काढलेली असते, ती मात्र ठोकून सपाट करायची नाही.

ब्लॉकच्या बाजूला घाई करू नका. ऑइल रात्रभर ठिबकत राहतं, म्हणून शक्य असेल तर रात्रभर खाली ट्रे ठेवून सोडून द्या आणि सकाळी बसवा. जुना थर प्लॅस्टिकच्या किंवा पितळी पट्टीने काढा, बोल्टच्या भोकांत ऑइल साचलेलं असेल तर फुंकून काढा, नाहीतर बोल्ट तळाला ऑइलवर अडतो आणि आपल्याला वाटतं आवळला. शेवटी ब्रेक क्लीनर आणि सुती, धागे न सुटणारं फडकं. पांढरं फडकं पांढरं राहीपर्यंत. बसवायच्या अगदी आधी परत एकदा पुसा, कारण तेवढ्यात एक थेंब आलेला असतो.

पॅकिंग कॉर्कचं असेल तर दुकानात टांगून टांगून ते वाळून आकसलेलं असतं, भोकं जुळत नाहीत. ओढून बसवू नका, चिरतं. ओल्या फडक्यात तासभर गुंडाळून ठेवा, परत मापाला येतं, मग वरचं पाणी टिपून वाळू द्या. सिलिकॉनचा अगदी पातळ हात फक्त चेंबरच्या बाजूला, पॅकिंग जागेवर राहावं एवढ्यापुरता, ब्लॉककडची बाजू कोरडी. दोन्हीकडे जाड थर दिला तर तो ओला असताना वंगणासारखा वागतो आणि आवळताना पॅकिंग बाहेर निसटतं. सिलिकॉन खरं लागतं ते कोपऱ्यांत, पुढे ऑइल पंपाचं कव्हर आणि मागे सीलचं हाउसिंग जिथे ब्लॉकला मिळतं तिथे बारीक खाच असते, तिथे तुरीच्या दाण्याएवढं, बास. मारुतीच्या नंतरच्या बऱ्याच इंजिनांत तर पॅकिंगच नसतं, नुसता सीलंटचा पट्टा असतो. तसा प्रकार असेल तर साधारण ३ मिलिमीटर जाडीची अखंड रेघ, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने, कुठेही तुटू न देता, आणि पाच-दहा मिनिटांत चेंबर वर. साय धरल्यावर बसवलं तर चिकटत नाही. अनाबॉन्ड ६६६ सारखं ऑइलला चालणारं घ्या, बाथरूमच्या फटी भरायचं सिलिकॉन चालत नाही.

वर चढवताना एकट्याने पॅकिंग हलणार नाही यासाठी एक युक्ती. त्याच आट्यांचे दोन लांब बोल्ट घ्या, डोकी कापा, समोरासमोरच्या दोन भोकांत हाताने फिरवून ठेवा. चेंबर त्यांच्यावरून सरळ वर सरकतं, दोन-चार बोल्ट लागले की हे काढून घ्यायचे. सगळे बोल्ट आधी बोटांनी लावा. मग मधून सुरू करून बाहेरच्या टोकांकडे, एकदा या बाजूचा एकदा त्या बाजूचा, तीन फेऱ्यांत. हे ६ मिलिमीटरचे बोल्ट आहेत, दहा नंबरचा पाना लागतो, आणि साधारण ९ ते ११ न्यूटन-मीटर म्हणजे एक किलोग्रॅम-मीटरच्या आसपास टॉर्क (आवळायचा जोर) पुरतो, नेमका आकडा मॅन्युअलमधे बघा. टॉर्क रेंच नसेल तर बॅगा तोलायचा हुकवाला काटा घ्या, पान्यावर बोल्टच्या मध्यापासून १५ सेंटीमीटरवर अडकवून काटकोनात ओढा, काटा पावणेसात किलो दाखवायला लागला की थांबा. पहिल्यांदा करताना वाटतं हे फारच कमी आहे. नाही, एवढंच लागतं! कॉर्क बाहेर पोट काढायला लागला म्हणजे तुम्ही पुढे गेलात.

ड्रेन नटला नवीन वायसर, न विसरता. सिलिकॉन लावलं असेल तर रात्रभर थांबून मग ऑइल. आधी अडीच लिटर ओता, मग डिपस्टिक बघत बघत भरा. पाच मिनिटं इंजिन चालवा, प्रेशरचा दिवा विझतो का बघा, बंद करून परत खाली बघा. कॉर्क असेल तर चारपाचशे किलोमीटरनंतर बोल्टांवर एकदा तोच टॉर्क परत बघून घ्या. नुसत्या सीलंटवर बसवलेलं चेंबर मात्र नंतर कधीच आवळू नका, जमलेला थर तुटतो.

प्रश्न : गावाकडच्या रस्त्यावर दगड लागून आमच्या गाडीचं ॲल्युमिनियमचं चेंबर चिरलं. ओळखीच्याने एम-सील लावून दिलंय आणि गळायचं थांबलंय. असंच चालवलं तर चालेल का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : घरापासून गॅरेजपर्यंत चालेल, त्याच्या पुढे नाही. चेंबर गरम होऊन थंड होतं, ॲल्युमिनियम आणि एम-सील सारखं फुगत नाहीत, वर सगळं तेलकट असतं, त्यामुळे ते कधीतरी घाटातच सुटणार. चेंबर उतरवून आर्गन वेल्डिंग करून घ्या आणि वेल्डिंगनंतर कड सपाट आहे का ते काचेवर ठेवून बघायला सांगा, उष्णतेने ती पिळवटते. चीर कडेपर्यंत गेली असेल तर नवीनच बसवा. दगड लागला तेव्हा आतली स्ट्रेनरची नळी वाकली किंवा चेंबरच्या तळाला टेकली असेल तर ऑइल नीट ओढलं जात नाही, ते उघडल्यावरच कळतं. आणि परत कधी लागलं आणि ऑइलचा दिवा पेटला तर त्याच क्षणी इंजिन बंद, उतारावर असाल तर आधी गाडी कडेला घ्या मग बंद करा, पण ‘पुढच्या गावापर्यंत जाऊ’ नाही.

प्रश्न : दादा, सर्व्हिसिंगनंतर माझ्या गाडीच्या ड्रेन नटमधून थेंब थेंब गळतं. नट आवळला की नुसता फिरत राहतो. टेफ्लॉन टेप गुंडाळू का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : नको ताई. नट नुसता फिरतोय म्हणजे चेंबरचे आटे गेलेत, टेपने थेंब कमी दिसतील पण नट धरून ठेवणारं काहीच नाही, तो चालत्या गाडीत पडला तर मिनिटाभरात सगळं ऑइल रस्त्यावर. तोपर्यंत गाडी लांब नेऊ नका. ॲल्युमिनियमचं चेंबर असेल तर हेलिकॉइल (नवीन आट्यांची तारेची गुंडाळी) बसवून तोच नट परत वापरता येतो, लेथवाल्याकडे होतं हे काम. पत्र्याचं असेल तर आतला वेल्ड केलेला नट बदलून घ्यावा लागतो. दोन्हीसाठी चेंबर उतरवून करायला सांगा, जागेवर केलं तर धातूचा कीस आत पडतो. आणि पुढच्या सर्व्हिसिंगला समोर उभं राहून नवीन वायसर टाकायला लावा, पाइप घालून आवळू देऊ नका. निघालेलं जुनं ऑइल गटारात किंवा मातीत ओतायचं नाही, २०१६ च्या नियमांप्रमाणे तो घातक कचरा आहे, कॅनमधे भरून वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्या अधिकृत माणसाकडेच द्या.