जाड, अरुंद फाँट पहिल्यांदा वापरताना

बॅनरसाठी हा प्रकार निवडलात ते योग्यच. कमी रुंदीत मोठं अक्षर बसवणं हेच त्याचं काम. सुरुवात 'खंड' किंवा 'टेको'पासून करा. दोन्ही मोफत आहेत, दोन्हींत देवनागरी आणि रोमन एकत्र मिळतात. 'इम्पॅक्ट' किंवा 'अँटन' घेऊ नका, त्यांत देवनागरी नाही. मराठी टाइप केलंत तर सॉफ्टवेअर गुपचूप दुसराच फाँट लावतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे साधा फाँट आडवा दाबून अरुंद करणं. रुंदी ६० टक्के केली की उभे दांडे तेवढेच बारीक होतात, शिरोरेषा मात्र मूळ जाडीची राहते. अक्षर लगेच बेढब दिसतं. खऱ्या अरुंद फाँटमध्ये हा तोल रेखाटतानाच साधलेला असतो.

पुढचं थोडक्यात:

- अक्षरांतलं अंतर शून्यच ठेवा. रोमन कॅपिटलना थोडं वाढवलेलं चालतं, देवनागरीत शिरोरेषा तुटते.
- ओळींमधलं अंतर १२० टक्क्यांपासून सुरू करा. वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत घुसत असेल तर वाढवा.
- लहान अक्षरांतल्या सलग मजकुरासाठी हा फाँट नको. लहान आकारात अक्षरांतल्या पोकळ्या बुजतात, 'भ'चा 'म' आणि 'ध'चा 'घ' वाटतो.

छपाईला देण्याआधी 'दऱ्या, बाळ, ऑफर, क्षत्रिय' टाइप करून बघा. 'ऱ्या' नीट आला नाही तर फाँट बदला. कर्निंग (अक्षरांच्या एकेका जोडीतलं अंतर जुळवणं) वगैरे सध्या राहू द्या. पहिला बॅनर दोन ओळींचा करा आणि दहा फुटांवरून वाचून पाहा.